बोंडं तुडवण्याआधी पाय दाखवा

गोव्यातल्या अख्ख्या पेडणे तालुक्यात माणसाला तोंडावरून न ओळखता पायाच्या नखांवरून ओळखणारी बाई एकच, आणि ती म्हणजे आमच्या मालकांची मावशी! मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. चोपड्याच्या डोंगरावर मालकांच्या काजूबागेत कामाला आलो, तेव्हा हात जोडून तिच्यापुढं उभा राहिलो. ती म्हणाली, "तोंड कित्याक दाखवतंस रे? पाय दाखव!"

तिचंही बरोबरच. इथं काजूची बोंडं अजून पायांनीच तुडवतात. कातळातल्या कुंडीत गडी उतरतात, रस खाली मडक्यात गळतो आणि भट्टीवर त्याची फेणी होते. ज्याला कुंडीत उतरायला मिळालं तो मोसमभर राजा! मी तर आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं, की यंदा मी राजा. पण पावसाळाभर ओले रबरी बूट घालून गवत-झुडपं कापत रान बेणलं होतं. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, खाजरी कातडी, आणि अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत. मोसमाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचे पाय तपासता तपासता मावशी माझ्यापाशी थांबली. "बुरशी आसा ही. कुंडीत पाय घातलंस तर तुकाच मडक्यात घालीन!"

मी घाबरलो. काम गेलं तर घरी काय तोंड दाखवू? एका गड्यानं सुचवलं म्हणून गुपचूप काजूच्या टरफलाचं तेल नखाला चोळलं. इथली जुनी माणसं भेगांना लावतात म्हणे. बुरशी जागच्या जागी, अंगठा मात्र भाजून वांग्याएवढा! मावशी कडाडली, "मेल्या, काजी भाजतत तसो पाय भाजलंस?" आणि बसनं थेट पेडण्याला डॉक्टरांकडं. त्यांनी आधी भाजलेलं बरं केलं, मग नखाचा तुकडा आणि रक्त तपासून गोळ्या दिल्या, बेचक्यांना मलम दिलं. म्हणाले, "नवं नख यायला वर्षभरही लागेल. खाज थांबली म्हणून औषध मधेच सोडायचं नाही."

झालं! मावशीच्या अंगात जणू फौजदार शिरला. आंघोळ झाली की बेचके कोरडे करा. प्रत्येकाचा तुवालो, म्हणजे टॉवेल, वेगळा, नेलकटर वेगळा. बूट उन्हात, मोजे रोज धुतलेले, न्हाणीत चप्पल घालूनच. एकदा देवळात ऐन आरतीत टाळ थांबवून तिनं मला विचारलं, "बेचके पुसलंस मां?" पुजारीसुद्धा स्वतःच्या पायांकडं बघायला लागले! माझी आई फोनवर 'जेवलास का' विचारते आणि मावशी बेचके विचारते. मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

तिची आणखी एक तऱ्हा. कुणाला पाया पडू द्यायची नाही. "पायां पडा नको, पाय पुसा!" आणि स्वतः मात्र भर उन्हाळ्यातही मोजे घालून. आम्ही म्हणायचो, म्हातारीची हौस.

आणि यंदा! मावशीनं माझा अंगठा उजेडात धरला, नखावरून बोट फिरवलं. गुलाबी, गुळगुळीत, कोवळं नख! "उतर," ती म्हणाली. मी उतरलो! घोट्यापर्यंत बोंडं, सगळीकडं तो गोड, उग्र वास, मी नाचत होतो की तुडवत होतो मलाच कळेना. वर आलो, पाय धुतले, आणि ती अडवायच्या आत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. रस सांडून तिचे मोजे भिजले होते, ते काढून तिनं बाजूला ठेवले होते. दहाही नखं पिवळी, जाड, भुसभुशीत.

तिनं पाय पदराखाली ओढले. "माझां काय रे आता. मी खंय बोंडां तुडवतंय?"

मी माझा तुवालो पुढं केला.

"दुसऱ्याचो तुवालो नको!" ती खेकसली, पण आवाजात जोर नव्हता. मी आत जाऊन तिचाच आणला आणि बेचके एकेक करून पुसले. ती कुंडीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली होती. सगळ्या तालुक्याचे पाय बघणारी बाई, आपले पाय सीटखाली लपवून.