डाग होता तिथलं फूल

‘आपली आजारपणं चारचौघांत काढायची नाहीत.’ हा आमच्या घरचा नियम. का काढायची नाहीत, हे विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग! असे नियम पाळले की घरात शांतता नांदते, पण मैत्रिणींना सांगण्यासारखं काहीही उरत नाही. जर्मनीतल्या कोलोनमध्ये मला ज्या बायका भेटल्या, त्यांच्याकडे हा नियमच नव्हता. त्यामुळे एका उन्हाळ्यात माझ्याकडे इतके किस्से साठले की मैत्रिणी आता ‘हॅलो’ म्हणायच्या आधी विचारतात, “काय केलं गं तुझ्या बायकांनी?”

*

सुरुवात भांडणाने व्हायची होती.

मी तेव्हा कोलोनला शिकत होते आणि जयंतकाकांच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. काका म्हणजे बाबांचे मित्र आणि तिथल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ. महिन्यातून एकदा मंडळाची बैठक वस्तीतल्या सार्वजनिक हॉलमध्ये भरायची. त्या दिवशी शेजारच्या खोलीतून गाणी आणि हसणं ऐकू येत होतं.

“शर्वरी, जा. त्यांना सांग, इथे महत्त्वाचं काम चालू आहे,” काका म्हणाले. महत्त्वाचं काम म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला श्रीखंड कोणी आणायचं, यावर चाललेली तासाभराची चर्चा!

शेजारी पाच-सहा बायका खिडकीपाशी बसून काळ्या चकचकीत फिल्म कातरत होत्या. एक्स-रे! चष्म्याला दोरी बांधलेल्या एका साठीच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातात कात्री दिली. “आलीच आहेस तर पाकळ्या काप.”

ही एल्विरा. मेक्सिकोची. तिच्याकडे सणावाराला रंगीत कागद कातरून जाळीदार पताका लावतात. इथे कोलोनमधल्या लॅटिन अमेरिकेतल्या बायका मिळून एक प्रदर्शन भरवत होत्या. विषय होता, बरं होणं आणि नव्याने सुरू करणं. म्हणून एल्विराने कागदाऐवजी लोकांचे जुने एक्स-रे कातरायला घेतले होते.

मी परत गेले तेव्हा बैठक संपत आली होती. काकांनी विचारलं, “सांगितलंस ना त्यांना?”

“हो. त्या म्हणाल्या, घरात आणखी एक कात्री असेल तर घेऊन या.”

*

एल्विराला जर्मन जेमतेम यायचं. पण तिच्याकडे एक सिद्धांत होता. “समोरचा बोलायचा थांबला की ‘गेनाऊ’ म्हणायचं. म्हणजे ‘बरोब्बर!’ सगळे खूश होतात.”

हॉलची देखभाल बघणारे हाउसमाइस्टर, हेर (म्हणजे श्रीयुत) लेन्त्स, एकदा येऊन नियम सांगून गेले. भिंतीला खिळा मारायचा नाही. टेप लावायची नाही. खिडकीच्या काचेला हात लावायचा नाही.

“गेनाऊ!” एल्विरा म्हणाली, आणि ते वळताच तिने एका खिडकीच्या कडीपासून दुसरीच्या कडीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी हेर लेन्त्स परत आले. आता ओरडणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी काखेतून एक मोठं पाकीट काढलं. आत त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे होता! सोबत पट्टी लावून काढलेलं ट्युलिपचं चित्रही होतं. “बिट्टे, कृपा करून अगदी असंच कापा. मिलिमीटरचाही फरक नको.”

एल्विराने चित्राकडे ढुंकूनही न बघता अंदाजाने कातरलं. ट्युलिप डावीकडे चांगलंच कललं. हेर लेन्त्सनी ते आपल्या चित्राशेजारी धरून पाहिलं.

“आल्झो... म्हणजे तसं बघितलं तर,” ते म्हणाले, “गुडघा तरी कुठे सरळ आहे!”

*

मारिसोल चिलीची. माझ्याहून थोडीच मोठी. तिच्याकडे तिच्या हाताचा एक्स-रे होता. तो हात तिच्या नवऱ्याने मोडला होता. मोडला तिथूनच तिने एक पाखरू कातरलं, पंख पसरलेलं.

प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव असतं. ते कापायचं नाही, ही एल्विराची एकमेव अट. “दुखणं तुझं, बरी तू झालीस, आणि नाव नको?”

मारिसोलनेही नाव ठेवलं. फक्त कात्रीच्या टोकाने नवऱ्याचं आडनाव तेवढं नाजूकपणे काढून टाकलं. तिथे एक छोटी चौकोनी खिडकी झाली. ती म्हणाली, “सगळ्यात छान उजेड इथूनच येतो!”

*

फिल्म कमी पडायला लागल्या म्हणून मी जयंतकाकांच्या बायकोला, सुधाकाकूंना विचारलं, “काकू, तुमच्याकडे जुने एक्स-रे आहेत का?”

“आमच्या घरात कधी कोणी आजारी पडत नाही!” काकू ठसक्यात म्हणाल्या आणि कंबरदुखीचा पट्टा आवळत उठल्या.

*

एक्स-रे तर माझ्याकडेही होता.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला टीबी झाला. आईने कोणालाही कळू दिलं नाही. मला कित्येक महिने घराबाहेरच पडू दिलं नाही. परिणाम असा झाला की तरुण मुलगी अचानक दिसेनाशी का झाली, यावर सोसायटीने आपल्या पद्धतीने विचार केला आणि भलताच निष्कर्ष काढला! मी म्हटलं, “आई, आता तरी खरं सांग.” आई म्हणाली, “म्हणू देत काय म्हणायचं ते. टीबी सांगायचा नाही!”

जर्मनीला निघताना तिनेच तो एक्स-रे बॅगेच्या तळाशी, चकल्यांच्या डब्याखाली घातला. डॉक्टरांना लागला तर हाताशी असावा, पण कस्टमवाल्यालाही दिसू नये!

मी तो एल्विराला दिला. तिने उजेडात धरला आणि उजव्या फुप्फुसातल्या डागावर बोट ठेवलं. “फूल इथे काप. बाजूला नाही. बरोबर इथे.”

मी कात्री घेतली. कापून झालं, आणि जिथे डाग होता तिथून ऊन थेट माझ्या तळहातावर पडलं. कोपऱ्यात माझं नाव, आडनाव आणि वय तसंच होतं.

*

उद्घाटनाला खूप गर्दी झाली. हॉलच्या जमिनीवर उन्हाची फुलं हलत होती. हेर लेन्त्स येईल त्याला आपला गुडघा दाखवत होते.

आणि काका-काकू आले, सोबत जोशी कुटुंब घेऊन! निखिल जोशी जर्मनीतच गेर्लिंगेन नावाच्या गावी इंजिनियर, आईवडील पुण्याहून आलेले. सकाळीच काकूंनी बजावलं होतं, “आज नीट वाग. हे स्थळ हातचं गेलं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?”

काकू माझ्या फुलासमोर थांबल्या. कोपऱ्यातलं नाव वाचलं. चेहरा पांढराफटक! जोशी मंडळी दोन दोऱ्या मागे होती.

“अगं, नाव काप ते! नाहीतर झाक!”

“नाही काकू.”

“छाती आहे ती! लोकांना कळतं काय झालं होतं ते!”

काकूंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या नावाच्या एकेका अक्षरावर टिकल्या लावायला सुरुवात केली. तीन अक्षरं झाकलीसुद्धा! तेवढ्यात जोशीकाकू येऊन पोचल्या. “अय्या, केवढं नाजूक काम! कोणाचा हो हा एक्स-रे?”

“इथल्याच कोणा बाईचा असेल,” काका घाईघाईने म्हणाले. “चला वहिनी, पलीकडे कॉफी आहे.”

मी पुढे झाले. नावावरच्या टिकल्या एकेक करून काढल्या. त्यातल्या दोन सुधाकाकूंच्या हातात परत दिल्या. तिसरी स्वतःच्या कपाळावर लावली.

“माझा आहे,” मी म्हटलं. “मला टीबी झाला होता. गोळ्या घेतल्या, बरी झाले. नाव माझं आहे आणि ते मी झाकणार नाही.”

काका गप्प. काकू गप्प. जोशीकाका, जोशीकाकू, सगळेच गप्प.

एल्विराला मराठीचं एक अक्षर कळत नाही. तिने सगळ्यांकडे बघितलं. कोणीच बोलत नाही, याची खात्री केली. मग चष्मा सावरून ठणठणीत आवाजात म्हणाली,

“गेनाऊ!”