टँकरच्या रांगेतलं बोलणं

दुष्काळाचं साल होतं. बजाजनगरात टँकर चार दिवसांनी येई. नातीच्या डोक्यावर जन्मानंतर लाल ठिपका उठला आणि दोन महिन्यांत त्याची लिंबाएवढी गाठ झाली. टँकरच्या रांगेत माझी धाकटी जाऊ सगळ्या बायांसमोर म्हणाली, "सुनेनं ग्रहणात टमाटे चिरले. आता भोगा." सून घागर तिथंच टाकून घरात गेली. तेव्हाच मी ठरवलं, या जावेला सोडायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "ही रक्ताच्या नळ्यांची गाठ आहे, कॅन्सर नाही. आईनं काय चिरलं त्याचा संबंध नाही." हृदयाच्या रोग्यांना देतात तेच औषध त्यांनी अगदी थोडं थोडं द्यायला सांगितलं, तेही दूध पाजल्यावरच. सुनेनं एक वेळ चुकवली नाही. वर्षभरात गाठ बसली.

मग जावळ काढायचं ठरलं. जाऊ म्हणाली, "घरातल्या घरात उरका. टक्कल केलं की डाग दिसंल." मी अख्खी गल्ली बोलावली, रांगेतल्या त्या बायांसकट. मामाच्या मांडीवर पोरीचं डोकं भादरून झालं, तशी मी जावेचा हात धरून त्या जागेवर ठेवला.

"शोध बाई, टमाटा कुठं हाय?"

बाया हसल्या. ती हात ओढायला लागली, पण मी सोडला नाही.

"सुनेला म्हण, चुकलं."

ती पुटपुटली.

"टँकरवर बोललीस तेवढ्या मोठ्यानं."

ती मोठ्यानं म्हणाली. मग मी हात सोडला आणि पंगत बसवली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.