फुगेकाकूंचा जोडमामा

फुगेकाकूंनी आयुष्यात एकही फुगा विकला नव्हता. त्या फुगे भरत. चित्रकथेतल्या माणसांच्या तोंडाशी जे फुगे काढलेले असतात आणि ज्यांत त्यांचं बोलणं लिहिलेलं असतं, ते फुगे. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानासाठी त्यांनी एकोणीस वर्षं टाक आणि काळी शाई घेऊन हे काम केलं. त्या एकोणीस वर्षांत आपला एक अनुस्वार सुटला नाही, हे त्या कुणी विचारलं नाही तरी सांगत. साप्ताहिक बंद पडूनही आता बावीस वर्षं झाली होती, पण वाण्याची यादी त्या अजून अशा अक्षरात लिहीत की वाण्याला साबणाच्या वडीबद्दल आदर वाटावा.

विद्यापीठातून फोन आला तेव्हा काका तुटलेल्या खुर्चीचा पाय चिकटवत होते.

"जगभरच्या चित्रकथांवर पुस्तक लिहितेय म्हणे एक मुलगी. त्यात आपल्या जोडमामावर अख्खं प्रकरण आहे," काकू म्हणाल्या.

"आमच्या वेळी वर्गात चित्रकथा वाचताना सापडलं की मार बसायचा," काका म्हणाले. "आता पदवी देतात. उगाच घाई केली जन्माला यायची."

काकू हसल्या नाहीत. जोडमामाचं एक गुपित होतं आणि ते काकांनासुद्धा माहीत नव्हतं.

जोडमामाची चित्रं परदेशातून येत. एका आडव्या पट्टीत चार चौकटी, दर आठवड्याला एक पट्टी. उंच टोपीचा, लांब मानेचा, काडीसारखा माणूस. मूळ भाषा इथे कुणालाच येत नव्हती, म्हणून संपादकांनी जहाजावरचा एक निवृत्त आचारी दुभाषी म्हणून धरून आणला. चार महिन्यांनी कळलं की त्याला त्या भाषेत कांदे, दोरखंड आणि 'मी काही केलेलं नाही' एवढंच बोलता येतं. संपादकांनी खोलीचं दार लावलं आणि काकूंना सांगितलं, "बाई, चित्रं बघा आणि शोभेल ते लिहा. वर्षभरात खरा दुभाषी मिळेल." वर्षं एकोणीस गेली. दुभाषी मिळाला नाही, आणि नंतर कुणी शोधलाही नाही.

काकूंनी चित्रं पाहून ठरवलं की हा माणूस मोडलेलं जोडतो. दर पट्टीच्या सुरुवातीला काहीतरी बिघडलेलं असे आणि चौथ्या चौकटीत सगळं जागच्या जागी. पहिल्या चौकटीत एक बाई कपाळाला हात लावून उभी. दुसरीत फरशीवर सुरईचे तुकडे. तिसरीत मामा सुरईसह हवेत. चौथीत मामाच्या हातात अखंड सुरई. काकूंनी तिसऱ्या फुग्यात लिहिलं, 'थांबा, जरा उडी मारून बघतो,' आणि चौथ्यात, 'घ्या, जोडली.' लोक खूश झाले. पोरांची पत्रं पोत्यानं येऊ लागली. छत्री दुरुस्त करणाऱ्यानं पाटीवर मामाची टोपी रंगवली. काकांनी तर सुटीच्या दिवशी घरातल्या वस्तू खोलून जोडायला घेतल्या. त्यानंतर त्या घरात एकदाच मोडलेली अशी वस्तू उरली नाही.

संशोधक मुलगी ठरल्या वेळी आली. पाठीवर पिशवी, हातात जाड फाइल आणि वर एक परवानगीचा कागद. फुग्यांमधलं अक्षर काकूंचं, तेव्हा ते छापायला त्यांची सही हवी होती. सही नसेल तर प्रकरण गाळावं लागेल, असं तिनं सांगितलं.

काकूंनी मांडीवर हात घट्ट धरले. "सहीआधी एक सांगायचंय. अहो, तुम्हीही ऐका. ते फुगे मी मनानं लिहिले. भाषांतर नव्हतंच कधी."

काकांच्या हातातली डिंकाची बाटली थांबली. "म्हणजे सुरईचा तो संवाद तुझा?"

"माझाच."

"आणि मी तो सगळीकडे परदेशी विनोद म्हणून सांगतोय इतकी वर्षं."

"काकू, ते माहितेय मला," मुलगी म्हणाली. "जगात अर्ध्या ठिकाणी असंच झालंय. एका देशात तर संपादकांची सासूच फुगे भरायची. त्यावर वेगळं टिपण आहे. मी दुसऱ्याच कामासाठी आलेय."

काकूंना हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. मुलीनं सुरईची पट्टी टेबलावर ठेवली आणि बोट उजव्या टोकाच्या चौकटीवर टेकवलं.

"ती भाषा उजवीकडून डावीकडे वाचतात. चित्रंसुद्धा. ही पहिली चौकट आहे."

काकू बघत राहिल्या. मामाच्या हातात अखंड सुरई. मग मामा अडखळून हवेत. मग तुकडे. मग कपाळाला हात लावलेली बाई.

"दुसरी दाखव," त्या म्हणाल्या.

मुलीनं दुसरी दाखवली. ही काकूंची लाडकी होती, शाळेच्या भिंतीवरही लावली होती कुणीतरी. पाठ फिरवलेले दोन मित्र, मग त्यांची मारामारी, जिथे काकूंनी लिहिलं होतं, 'मनातलं एकदाचं निघून जाऊ दे', मग मामाचं मध्ये बोलणं, मग हातात हात. उजवीकडून वाचली तर दोन मित्र हात मिळवत होते, मामा मध्येच तोंड घालत होता आणि त्यानंतर ते जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नव्हते.

"तिकडे याला फोडमामा म्हणावं असंच नाव आहे," मुलगी हळूच म्हणाली. "हात लावेल ते मोडतो. त्या भाषेतला सगळ्यांत अपशकुनी माणूस. तिकडे पोरांना दटावतात, त्याच्यासारखा होशील म्हणून."

काका आतून इतकी वर्षं जपलेली कात्रणं घेऊन आले आणि उजवीकडून वाचू लागले. होडीला भोक पडलं. कुंपण कोसळलं. वरात नदीत गेली. "अगं, हा तर दरोडेखोर आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. खुर्चीचा पाय निसटला, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"पण मला कसं कळणार?" काकूंचा आवाज चिरकला. "काही खूण तरी नको का?"

"चौकटींच्या कोपऱ्यात बारीक आकडे असायचे."

"कुठले आकडे?"

मुलीनं मूळ पट्टीची प्रत पुढे केली. चार चौकटींच्या कोपऱ्यांत खसखशीएवढे चार ठिपके होते. काकू पांढऱ्याफटक पडल्या. "ते? संपादक म्हणाले, माशांचे डाग आहेत, तिकडे माशा फार. मी पांढऱ्या रंगानं पुसायचे. दर आठवड्याला. बारीक कुंचल्यानं." जवळजवळ चार हजार माशा त्यांनी स्वतःच्या हातानं, एकही न चुकवता, मारल्या होत्या.

त्यांनी परवानगीचा कागद मुलीकडे सरकवला. "मी सही करणार नाही. लोकांच्या घरात तो माणूस चांगला आहे. तसाच राहू दे. आणि माझी अब्रूही राहू दे."

मुलीनं कागद घेतला नाही. "चित्रकार हयात आहेत," ती म्हणाली. "एक्याण्णव वर्षांचे. मी त्यांना तुमची पानं दाखवली."

काकांनी विचारलं, "हसले का?"

"तासभर ओरडत होते. म्हणाले, एकोणीस वर्षं मी मरमर करून फोडत गेलो आणि ही बाई माझ्यामागून जोडत आली. हिला कुणी सांगितलं होतं?"

"दिशा दाखवायला एक बाण काढला असता तर बोटं झडली असती का त्यांची?" काकू फणकारल्या. इतक्या धक्क्यातही त्यांना राग आला, तेवढाच काकांना धीर वाटला.

मग मुलीनं शेवटची पट्टी काढली. काकूंना ती चांगली आठवत होती, कारण तिच्यानंतर चित्रांचे गठ्ठे येणंच थांबलं आणि संपादकांनी टपालखात्याला शिव्या घातल्या. डावीकडे रिकामं टेबल. त्यावर काकूंनी लिहिलं होतं, 'कुणी आहे का घरात?' मग मामा एकटा, समोर रिकामी खुर्ची: 'येईल. थांबू जरा.' मग अंथरुणावर मामी: 'ऊठ, उन्हं वर आली.' शेवटी दोघं टेबलाशी, हातात कप: 'बघ, म्हटलं नव्हतं?'

काकूंनी बोट उजवीकडे ठेवलं आणि चौकटी स्वतःच वाचत डावीकडे आल्या. रिकाम्या टेबलापाशी बोट थांबलं.

"त्यांची बायको गेली होती," मुलगी म्हणाली. "महिन्यानं त्यांनी ही काढली आणि लेखणी ठेवली. पुन्हा रेघ काढली नाही."

मग काका म्हणाले, "ही तरी आपली त्यांना आवडली असेल."

"दोनदा वाचून घेतली माझ्याकडून. डावीकडून, काकूंनी लिहिलीय तशी. मग म्हणाले, हीसुद्धा उजवीकडून, माझ्या क्रमानं छापा. माझ्या घरी तसं झालं नाही."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. त्यांना वाटलं होतं, म्हातारा म्हणेल राहू द्या. त्यानं तसं म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "दे तो कागद. माझी पानंही छाप, त्यांचीही छाप, चूक झाली ती चूक म्हणून लिही. पण त्यांच्या पानांवर अक्षर माझं हवं. यंत्राचं नको. तू अर्थ सांगायचा, मी लिहीन." त्यांनी सही केली. "ही शेवटची आधी. अहो, शाई आणा."

काकांनी टाक धुऊन दिला. काकूंनी मूळ पट्टीची मोठी प्रत समोर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या टोकापासून लिहायला घेतलं.

"या चौकटीत मामी बोलते," मुलगी म्हणाली. "ती म्हणते, आज दिवसभरात काही फुटलं नाही."

काकूंनी तेवढंच लिहिलं. नीट, मोकळ्या अक्षरात, फुग्याच्या मधोमध. मग त्या डावीकडच्या चौकटीकडे वळल्या आणि थबकल्या. मूळ चित्रात तिथे फुगा नव्हता. पुढच्या दोन्हींतही नव्हता.

"मी लिहिलं होतं की यात."

"ते फुगे तुमच्या संपादकांनी इथे रेखाटले होते. त्यांना वाटलं, राहून गेले."

"म्हणजे हा काहीच म्हणत नाही?"

"नाही."

काकू त्या तीन चौकटींकडे बघत बसल्या. टाकाच्या टोकाशी शाई जमू लागली, तेव्हा त्यांनी तो दौतीच्या काठाला टेकवला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"एकच फुगा आहे," काकू म्हणाल्या, आणि कागद वाळण्यासाठी खिडकीपाशी नेऊन ठेवला.