म्हातारी नसलेला राजवाडा

लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात मला एक चिठ्ठी सापडली. कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करायची सवय आईनं लावली होती. चिठ्ठी चौपदरी घडी घातलेली, घामानं मऊ झालेली. अक्षर बाईचं होतं, आणि तेही शिकवणाऱ्या बाईचं, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ ओढलेलं.

‘म्हातारीला आधी मध द्या. दिवा बाहेरच ठेवा. उजव्या हाताच्या दारानं आत. उरलेलं गुरुवारी सांगते.’

मी ती तीनदा वाचली. उलटून पाहिलं तर मागं छापील जाहिरात होती, नंदनवन नावाच्या वस्तीतल्या कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासची. पत्ता पाठ झाला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्यात, दोन खोल्यांत राहत होतो. नवरा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर. कामगारांची बस त्यांना संध्याकाळी सहाला चौकात सोडायची. गुरुवारी मात्र यायला नऊ वाजायचे. गुरुवारी ओव्हरटाइम असतो, असं ते म्हणाले होते आणि मी ते मानलंही होतं. आता वाटायला लागलं, ओव्हरटाइम नेमका गुरुवारीच काहून?

संध्याकाळी ते आल्यावर चिठ्ठी समोर धरली.

“हे? हे खेळातलं आहे.”

“कोणत्या खेळातलं?”

“आपल्या टीव्हीवरच्या. राजवाड्याच्या.” आणि त्यांनी चिठ्ठी घेऊन पाकिटात सरकवली. मला ती सरकवण्याची घाई आवडली नाही.

टीव्हीवरचा खेळ माझ्या दिरानं लग्नात दिलेला. दीर मस्कतला होता. तिथून त्यानं काळा प्लास्टिकचा डबा, दोन वायरी आणि एक जाडजूड कॅसेट आणली होती. कॅसेट डब्यात खोचली की आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर एक राजवाडा यायचा आणि एक बुटका माणूस त्यात हरवलेला मुकुट शोधत फिरायचा. नवरा पहिले काही महिने रोज खेळला, मग एकाएकी त्याला हातही लावेनासा झाला. मी तर कधीच लावला नव्हता. पण आता लावला. खेळात म्हातारी आहे म्हणतात ना, मग ती बघूच.

दुपारी काम आटोपलं की मी दार लावून टीव्हीपुढं बसायची. पहिल्या दिवशी साप चावून मेले, दुसऱ्या दिवशी खंदकात पडून. या खेळात मधेच थांबून उद्या तिथूनच पुढं जायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या दरवाजापासून सुरू. पण मी बी. ए. ची परीक्षा कंदिलावर अभ्यास करून दिलेली मुलगी, चिकाटी माझ्याकडं होती. एका वहीत खोल्यांचा नकाशा काढत गेले. पाचव्या दुपारी मुकुट सापडला, पडदा लखलखला, वाजंत्री वाजली.

अख्ख्या राजवाड्यात म्हातारी नव्हती. मध नव्हता. आणि दिवा बाहेर ठेवायचा म्हणाल तर चौथ्या दालनात दिव्याशिवाय पाऊल टाकलं की माणूस अंधारात पडून मरत होता. मी दोनदा मारून बघितला. म्हणजे नवरा खोटं बोलला होता, याचा माझ्याकडं पक्का पुरावा होता.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या खेळातली म्हातारी कुठं भेटते?”

“लय पुढं आहे ते.”

“किती पुढं? मुकुटाच्या आधी का नंतर?”

ते भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. “तुले मुकुटाचं कसं माहीत?”

“कॅसेटवर चित्र आहे ना.”

“तुले काय करा लागते त्या म्हातारीचं? जेव चुपचाप.”

ते चुपचाप जेवले, मीही जेवले. मनात मात्र गुरुवार मोजत होते.

गुरुवारी पाचला मी निघाले. दोन सिटी बस बदलल्या आणि मग विचारत विचारत पायी. नंदनवन तेव्हा अजून नवं होतं, अर्धी घरं बांधकामात, रस्त्यावर रेतीचे ढीग. क्लासची पाटी एका बैठ्या घरावर होती. पाटीखाली खडूनं लिहिलं होतं, ‘गुरुवारी सुटी’. सुटीच्या दिवशी माझा नवरा इथं येत होता.

आणि ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. मी तिच्याकडं बघतच राहिले. मध जिला द्यायचा ती हीच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तिच्या मागं घराला दोन दारं होती. मी उजवीकडच्या दाराकडं पाहिलं.

“कोणाले पायतं, बाई?” म्हातारीनं विचारलं.

“क्लासची चौकशी करायची होती.”

“आज तं बंद आहे. पण पोरगी घरीच आहे. अवं ए, कोणी आलं पाय वं!”

उजव्या दारातून जी आली ती तिशीची असेल. चष्मा, खादीची साडी, बोटांना खडू. देखणी म्हणावी अशी नव्हती, पण हसली तेव्हा चेहरा बदलला, आणि ते मला नको होतं. ती त्या म्हातारीची मुलगी, क्लास तीच चालवायची. तिचा भाऊ माझ्या नवऱ्याचा शाळासोबती होता, हे मला नंतर कळलं. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मी नाव सांगितलं नाही. शिकायचं आहे एवढंच म्हणाले.

“मग बघूनच घ्या ना, ताई,” ती म्हणाली आणि टेबलावरच्या मशीनचं कापड काढलं. तिनं एक काळी चौकोनी फ्लॉपी आत घातली. पडदा हिरवा झाला. त्यावर चित्र नव्हतं, नुसती इंग्रजी अक्षरं उमटत होती. मी वाचलं. तुम्ही राजवाड्याच्या पुलावर उभे आहात. एक म्हातारी वाट अडवून बसली आहे. ती भुकेली आहे.

मी पुन्हा वाचलं. “हा कोणता खेळ?”

तिनं नाव सांगितलं. आमच्या कॅसेटवर होतं तेच.

“पण त्यात तर म्हातारी नाही!” मी जवळजवळ ओरडलेच.

ती माझ्याकडं वळली. “टीव्हीवरच्यात का? नाही, त्यात नसेल. टीव्हीवरच्या खेळात नुसत्या उड्या. हा कॉम्प्युटरचा. कथा तीच, पण इथं सगळं वाचून, लिहून करावं लागतं. आणि इथं दिवा नेला की पहारेकरी पकडतात. तुमच्याकडं आहे वाटतं टीव्हीचा?”

तेवढ्यात ओट्यावर नवऱ्याचा आवाज आला. ते उजव्या दारातून आत आले आणि मला बघून तिथंच थांबले.

“तू?”

“वहिनी आहेत का या?” ती बाई उठून उभी राहिली. मग माझ्याकडं, मग पडद्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहत म्हणाली, “पण यांनी तर आता भराभरा वाचलं. तुम्ही म्हणाले होते ना, घरी इंग्रजी वाचणारं कोणी नाही म्हणून?”

मी बरंच काही ऐकायची तयारी करून आले होते, पण हे वाक्य त्यात नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बी. ए. ला इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा वडिलांनी अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं होतं. विहारात लग्न लागलं त्या दिवशी याच माणसाच्या घरचे लोक सून शिकलेली आहे म्हणून मिरवत होते. आणि हा माणूस इथं येऊन सांगतो, घरी वाचणारं कोणी नाही.

परतीच्या बसमधून उतरल्यावर चौकात मी थांबले.

“काहून म्हणाले असं?”

“काय म्हणू मंग? बायको बी. ए. आहे म्हणतो तं तिनं विचारलं असतं, इथं काहून येता.”

“मी विचारते. काहून जाता?”

ते चपलेनं माती उकरायला लागले. “कामावर मशीनवरचं मी वाचतो. एक-एक शब्द ओळखू येते. पण पूर्ण वाक्य आलं का मले काही समजत नाही, म्हणून ती पुढचं मराठीत लिहून देते. तुले विचारलं असतं तं तुले समजलं असतं.”

“काय समजलं असतं?”

“हेच.”

“आणि तिला समजलं तर चालते?”

“ती काय माझी बायको आहे?”

मला हे उत्तर खरं वाटलं, आणि तरीही पूर्ण पटलं नाही. आजही कोणी विचारलं तर मी असंच सांगेन. मी म्हटलं, “पण टीव्हीवर खेळायचा की. तिथं वाचायचं काही नाही.”

“तो एकदा खेळून झाला का संपला. नुसता उड्या मारते गा तो माणूस. याच्यात तो लोकायशी बोलते.” गडीमाणसाला म्हणतात तसं मला ‘गा’ म्हणून गेले हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

महिनाभरानं दिराचं पत्र आलं. तो सुटीवर येणार होता. त्या खेळाचा दुसरा भाग निघाला आहे, टीव्हीसाठीची कॅसेट आणू, की इथं मस्कतला एक साहेब जुना कॉम्प्युटर विकायला काढून राहिला, तो आणि त्याची फ्लॉपी आणू? एकच काहीतरी कळवा.

“कॅसेट सांग,” नवरा म्हणाला.

“कॉम्प्युटर नको? तुम्हाला तर तो आवडतो.”

“एवढं मोठं धूड कुठं ठेवशील?”

मला लगेच संशय आला. घरात कॅसेट आली तर गुरुवार तसेच राहणार. मी म्हणाले, “माझ्या कपाटावर ठेवीन.” पत्र मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्यात कॉम्प्युटर लिहिलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटतं, माझ्या शिक्षणाचा किंवा त्यांच्या आवडीचा विचार मी तेव्हा फारसा केला नव्हता. नवरा डोळ्यांसमोर राहावा, एवढाच माझा हिशेब होता.

कॉम्प्युटर आला. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मी वाचायची, मराठीत सांगायची, ते मागं उभं राहून काय टाइप करायचं ते सांगायचे. एकदा मी त्यांच्या उच्चाराला हसले तर चार दिवस ते पडद्याकडं फिरकले नाहीत. मग मी खुर्ची सोडली. म्हटलं, तुम्ही बसा, मी भाजी चिरते, अडलं तर हाक मारा. पहिल्या आठवड्यात दर मिनिटाला हाक यायची, मग कमी होत गेली. पावसाळ्यात एका रविवारी त्यांनी बोट पडद्यावर ठेवून एक अख्खं वाक्य मोठ्यानं वाचलं. दोन शब्द चुकले. मी कोथिंबीर निवडत राहिले.

गुरुवारीही आता ते सहाला यायचे. कधी साडेसहा झाले तर मी चौकात जाऊन बस येऊन गेली का ते विचारून यायची. त्यांना ते माहीत होतं, पण कधी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांनी त्या बाईंना दुसऱ्या गावी शाळेत नोकरी लागली. जायच्या आधी आईला घेऊन त्या आमच्याकडं भेटायला आल्या. मी पोहे केले. मधल्या काळात झालेल्या आमच्या मुलीला म्हातारी मांडीवर घेऊन बसली. बाई आणि नवरा समोरासमोर बसून शाळेच्या, भावाच्या गोष्टी बोलत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून दोघांचे चेहरे बघत होते. काही दिसलं नाही. मी बघत होते हे मात्र नवऱ्याला दिसलं असावं.

त्या गेल्यावर नवऱ्यानं कपबशा उचलल्या, मोरीत नेल्या आणि स्वतः विसळल्या. लग्नानंतर पहिल्यांदा.

“हे काहून?” मी विचारलं.

“असंच,” ते म्हणाले आणि बशा पुसून फळीवर उलट्या ठेवायला लागले.