बेडूकबाईंचा उशीर

गल्लीत त्यांना बेडूकबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गल्लीची कुजबुज म्हणजे दवंडीच, ती बाईंच्या कानावर कधीच पोचली होती. बेडकाच्या मांडीचा स्नायू काढायचा, त्याला विजेचा हलका झटका द्यायचा, तो आकसतो कसा आणि मुख्य म्हणजे सैल कसा पडतो ते बघायचं, यावर शिलाईकाम करणाऱ्या आईच्या या लेकीने तारुण्य घालवलं. "आकसण्याचं काय कौतुक?" त्या म्हणायच्या. "स्नायूला सोडायलासुद्धा शक्ती लागते."

पुढे बेडूक सुटले, माणसं आली. पिढ्यान्‌पिढ्या स्नायूंचे आजार वाहणारी घरं इस्पितळाच्या मागच्या खोलीत त्यांच्यासमोर बसायची. बाई स्नायूत सुई घालून यंत्रावर आवाज ऐकायच्या, रक्त तपासायच्या आणि मग झापायच्या. सुनेपासून आजार लपवणाऱ्या एका सासूला त्यांनी सरळ सुनावलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची असेल तुमच्या घरी! इथे नातवाच्या जिवाशी गाठ आहे. तोंड उघडा!"

एका गार सकाळी प्रयोगशाळेतला नळ बंद करून बाई हात काढायला गेल्या, तर बोटं निघेनात. दुसऱ्या हाताने एकेक सोडवावं लागलं. मूठ चार-सहा वेळा उघडमीट केली तेव्हा हात ताळ्यावर आला. दुसरं कुणी म्हणालं असतं, वय झालं. बाईंना ती सोय नव्हती. दार लावून त्यांनी स्वतःच्या तळव्यात सुई खुपसली. यंत्रातून फटफटीसारखा घरघराट चढला, उतरला; न सुटणाऱ्या स्नायूचा, त्यांच्या रोजच्या ओळखीचा. आणि त्यांना आई आठवली. कापड कापून झालं तरी कात्रीत अडकलेली बोटं, लोंबलेल्या पापण्या, दिवसाढवळ्या डुलक्या. बाप म्हणायचा, "कात्री काय माहेरची आहे, सोडवत नाही ती!" सगळं घर हसायचं. आई आळशी हे नाव घेऊनच मेली.

हा आजार पिढीगणिक लवकर येतो आणि जास्त जोराने येतो, हे बाईंना पाठ होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला नुकतेच दिवस गेले होते. जावई कामासाठी परगावी, त्यामुळे लेक त्यांच्याच घरात, रोज समोर.

बाई गप्प बसल्या.

आधी आपलं रक्त तपासून खात्री करू, मनाशी म्हणाल्या. खात्री झाली. मग, पोरीच्या उलट्या थांबू देत. मग, जावई येऊन जाऊ दे. तिला आजार नसेलही, निम्मी शक्यता तीच आहे, असं मनाला बजावायच्या. लोकांच्या घरात वाघीण आणि स्वतःच्या घरात शेळी!

पोट चांगलं वर आल्यावर एकदा कपडे वाळत घालताना लेक म्हणाली, "शहाणं बाळ आहे हं, आई. मैत्रिणी म्हणतात, लाथांनी झोप उडते. आमचं आपलं एकदम गुणी. हलतसुद्धा नाही फारसं."

बाईंच्या हातातली चादर खाली पडली.

"मूठ आवळ. घट्ट. आता उघड."

लेकीची बोटं फार सावकाश उलगडली. "सकाळी होतं असं," ती म्हणाली. "पोटुशी आहे म्हणून असेल. का गं?"

बाईंनी तिथेच, ओल्या कपड्यांत उभ्या उभ्या, सगळं सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"तुला उलट्या होत होत्या तेव्हा."

"म्हणजे तपासून काही ठरवता आलं असतं तेव्हा?"

"हो."

लेक रडली नाही. "लोकांच्या सासवांना झापायला बरं जमतं तुला," एवढंच म्हणाली.

बाळ वेळेआधी आलं. रडलं नाही. उचललं तर ओल्या फडक्यासारखं हातावर लोंबलं. दूध ओढायची ताकद नाही, श्वास यंत्राचा. लेकीने आईला खोलीत येऊ दिलं नाही. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. एका दुपारी लेक भिंतीला धरत स्वतःच बाहेर आली.

"जगेल का? आई म्हणून सांगू नकोस. खरं सांग."

"आपलं आपण श्वास घ्यायला लागलं तर जगेल. चालेल उशिरा. शिकायला जड जाईल."

"आणि नाही लागलं तर?"

"तर नाही."

लेक बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "अजून काय काय दाबून ठेवलंयस?"

"हृदय. या आजारात ते कधीही दगा देतं. तुझं तपासायला हवं. आजच."

"आणि तुझं?"

"माझंही राहिलंय."

"मग ऊठ," लेक म्हणाली. "रांग मोठी असते. मला बाळाजवळ परत यायचंय."