एकेचाळिसाव्या किलोमीटरचा जोड

सकाळी सव्वानऊला ठेकेदाराचा फोन आला, तेव्हा सवयीनं मी आधी स्क्रीनकडे पाहिलं. ओझर हिरवं, सटाणा हिरवं, पेठ हिरवं. म्हणजे आज तरी कुणाची बोलणी खायला नकोत. "मॅडम, सुकदेव गेला," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठल्या साइटवर?" "साइटवर नाही, मॅडम. घरी, झोपेत गेला." मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. पेठचा दिवा सुकदेवभाऊंनीच आदल्या दुपारी हिरवा करून दिला होता, आणि तो अजून तसाच जळत होता.

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस नाशिकला, बाकीची तीन ओझर, सटाणा आणि पेठला. चारही ऑफिसं जमिनीखालून गेलेल्या फायबर केबलनं जोडलेली. केबलच्या पोटात केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात, त्यांतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर आमचा सगळा कारभार चालतो. मी नाशिकच्या एका थंडगार खोलीत बसून अकरा वर्षं हे दिवे बघते आहे. मुळात मी भित्री. दिवा लाल झाला की माझा पहिला फोन सुकदेवभाऊंना जायचा. ते ठेकेदाराकडे तारा जोडायचं काम करत. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल उखडली की मोटारसायकलला जोडणीचं मशीन आणि छत्री बांधून निघायचे. "ताई, तुम्ही घाबरल्यावर तार लवकर जुळती का?" असं चिडवायचे आणि वर म्हणायचे, "बसा पाणी पिऊन. निघालो मी."

एकदाच त्यांचं काम जवळून पाहिलं. ओझरच्या रस्त्याकडेला चटई टाकून बसले होते. मशीनच्या छोट्या पडद्यावर त्या तारेची दोन टोकं ओंडक्यांसारखी जाड दिसत होती. ती समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि दोनाची एक झाली. खाली आकडा उमटला. जोडात किती उजेड वाया जातो, त्याचा तो आकडा. जितका लहान तितका जोड चांगला. भाऊंचा ठरलेला आकडा होता पॉइंट झिरो टू. त्याच्या फार वर गेला तर कुणी न सांगता तोडायचे आणि पुन्हा जोडायचे. उरलेले काचेचे तुकडे काळ्या चिकटपट्टीवर एकेक करून चिकटवायचे, कारण ते बोटात गेले तर दिसतही नाहीत. घरी गेल्यावर नातीला उचलून घेण्याआधी तीनदा हात धुतात, असं मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं. एवढ्या निडर माणसाला तेवढी एकच भीती होती.

त्या दुपारी पेठच्या घाटात केबल तुटली. मे महिन्याचं ऊन. तीन वाजता चारही ऑफिसांची मोठ्या साहेबांबरोबर व्हिडिओ मीटिंग, आणि आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. घाटात मोबाईलला रेंज नाही, म्हणून भाऊ पहिली तार जोडली की तिच्यावरच केबलवरून बोलायचा आपला फोन लावायचे; त्याची जोडी माझ्या टेबलावर असे. अडीचनंतर तो वाजला. "आवाज येतोय का, ताई?" मी म्हटलं, "येतोय भाऊ, लवकर करा." मग ते आमच्या ऑफिसची तार जोडायला लागले. आवाज जरा दमलेला वाटला. "लय घाम येतोय आज," म्हणाले. मी म्हटलं, "ऊनच तसं आहे." मग म्हणाले, "हात बी हालतोय जरासा." मी साहेबांच्या घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. भाऊ म्हणाले, "पॉइंट तीन आलाय ताई. तोडून परत जोडू का? दहा मिंटं लागतील."

"नको भाऊ, राहू द्या. मीटिंग सुरू होतेय."

"बरं. पण हा जोड माझा नाय म्हणायचा, ताई," असं म्हणून ते हसले. मीही हसले, फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं, पेठ आलं. संध्याकाळी भाऊ ओझरला घरी पोचले, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि झोपेतच गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

दहाव्याला गेले तेव्हा भाऊंच्या पत्नी, मंदावहिनी, माझा हात धरून बसल्या. "घरी आले तव्हा जरा पडतो, येवढंच बोलले. दुपारी तुमच्याशी बोलले ना? काय म्हनले?" "नेहमीसारखंच, वहिनी. हसत होते," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला ठाऊक. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला तरी दचकते. वाटतं, त्याच असतील आणि पुन्हा तेच विचारतील.

नाशिकहून केबल तपासली की यंत्रावर कुठवर किती उजेड उरला ते दाखवणारी एक रेघ उमटते. भाऊंनी आयुष्यभर घातलेले जोड त्या रेघेत जेमतेम दिसतात, इतके ते सफाईचे. फक्त एकेचाळिसाव्या किलोमीटरला रेघ पायरीसारखी खाली उतरते. ज्याला ते आपला म्हणायला तयार नव्हते, तेवढा एकच जोड ठळक दिसतो. अकरा वर्षं त्यांचे आकडे ऐकणाऱ्या मला नेहमीच्या पंधरापट आलेल्या त्या आकड्यावरून कळायला हवं होतं की तारेत नाही, माणसात बिघाड आहे. "हात का हालतोय भाऊ?" एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. माहीत नाही, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता तो जोड बदलायचा हुकूम आलाय. खरं सांगते, ऐकल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. पायरी गेली की पुरावाही गेला... आणि मग स्वतःचीच इतकी भीती वाटली की हे लिहायला बसले.

वहिनी, त्या दुपारी भाऊ म्हणाले होते की लय घाम येतोय, हात हालतोय. जोड परत घालायला त्यांनी दहा मिनिटं मागितली होती. मी दिली नाहीत.

उद्या नवा माणूस घाटात तो जोड तोडेल, तेव्हा मी तिथं असेन. आकडा कितीही येवो, आधी त्याला सावलीत बसवून पाणी देणार आहे. भाऊंचा जोड बोटाच्या पेराएवढ्या लांबीच्या प्लास्टिकच्या नळीत आहे. तो मी मागून घेईन, काळ्या चिकटपट्टीत नीट गुंडाळीन आणि तसाच ओझरला घेऊन येईन. तुम्ही दार उघडाल की नाही, याची मला फार भीती वाटते.