हाजियाचा डोळा आणि निम्मा भाव

आमच्या घरात माझं बोलणं निम्मं करून ऐकतात. नवरा कंपन्यांचे हिशेब तपासतो, त्यामुळे हा आपला हक्कच आहे असं त्याला वाटतं. आज ओपीडीत पाचशे माणसं होती म्हटलं, की ताटावरची मान न उचलता तो म्हणतो, "अडीचशे." लेक जेद्दाच्या इंडियन शाळेत शिकते, ती लगेच, "आई, डिव्हाइड बाय टू!" मीही मिरजेची आहे. निम्मं होणार हे धरून मी आधीच दुप्पट सांगते, म्हणजे शेवटी समोरच्याच्या हातात बरोबर खरं तेवढं पडतं. इतका साधा व्यवहार, तरी जग मला थापाडी म्हणतं.

त्यातून माझा पाय एका जागी ठरत नाही. दर वर्षी इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, नवा झाला की मी जाहीर करते, हे शेवटचं वर्ष, आता नोकरी खलास, स्वतःचं काहीतरी काढायचं. एकदा जेद्दाच्याच शराफिया भागात थालीपिठांचं हॉटेल काढायचं ठरलं होतं, एकदा मिरजेत चष्म्यांचं दुकान. ठरतं, आठवडाभर अंगात वारं भरतं, आणि पुन्हा सकाळी मी आपली डोळ्यांच्या वॉर्डात नर्सच्या ड्युटीवर. त्याच वॉर्डात हाजिया आली.

ती आली तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या उघडूनसुद्धा दार कमी पडलं. बरं, एक फळी उघडून. आकाशी रंगाचं जरीचं कापड अंगभर, त्याच कापडाचा डोक्यावर हा एवढा फेटा, आणि मागून बॅगा ढकलत आलेली तिची सेक्रेटरी. हज केलेल्या बाईला त्यांच्याकडे मानाने हाजिया म्हणतात. ही नायजेरियाच्या उत्तरेतल्या कानो शहराची. तिचे वडील भुईमुगाची पोती पाठीवरून वाहायचे. तिने बाजारात टोपली घेऊन भाजलेल्या शेंगा विकल्या, मग तेल काढलं, मग तेलाचे ट्रक झाले, मग पिठाच्या गिरण्या. आता निम्म्या पश्चिम आफ्रिकेचा सकाळचा पाव हिच्या पिठाचा असतो. हे मी आधीच निम्मं करून सांगितलंय. तिचं स्वतःचं विमान होतं. ठीक आहे, भाड्याचं होतं. पण अख्खं होतं.

उमऱ्याला, म्हणजे हजखेरीजच्या छोट्या यात्रेला, आली असताना मक्केत तिच्या उजव्या डोळ्यात एका कोपऱ्यातून काळा पडदा सरकायला लागला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. आमच्या इजिप्शियन सर्जनने घाईने ऑपरेशन केलं आणि सुटलेला पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. फुगा वरच्या दिशेला पळतो, म्हणून पेशंटने मान खाली घालून राहायचं, की तो मागच्या पडद्यावर दाबून बसतो. सर्जनने सांगितलं, "दोन आठवडे तोंड खाली. सहा आठवडे विमान नाही. उंचावर गेलं की फुगा फुगतो, आतला दाब चढतो आणि नजर जाते. कायमची."

पलंगाच्या टोकाबाहेर लावलेल्या उशीच्या भोकात तोंड घातलेल्या हाजियाने जमिनीला विचारलं, "शेवटचा भाव बोला."

सर्जनला वाटलं बिलाचं विचारतेय. म्हणाला, "ते खाली काउंटरवर," आणि गेला. बिचारा सुपरमार्केटमधून छापील भावाने माल घेणारा माणूस.

"चांगला दुकानदार आहे," हाजिया मला म्हणाली, "पण भाव फार चढा लावतो. दोन आठवड्यांचा एक झाला. सहाचे तीन. आणि मान आणि विमान दोन्ही एकदम घेतेय, तर आणखी उतरवायला नको? एका आठवड्यात दोन्ही मिटवून टाक."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. तेवढ्यात तिने सेक्रेटरीला पुढच्या आठवड्याचं विमान सांगायला लावलं, आणि मला कळलं, चेष्टा नाही. पुढच्या आठवड्यात कानोत भागीदारांची बैठक होती. नवी गिरणी कुणाच्या हातात राहणार, हे तिथे ठरणार होतं, आणि तिचा धाकटा दीर कधीचा तिच्या खुर्चीकडे डोळे लावून बसला होता. "मी उभी असले तरी तो खुर्चीला हात लावून बघतो," ती म्हणाली. "मी नसले तर तो पाय पसरून बसेल."

त्या खोलीत माणूस स्वस्थ राहीलच कसा? मान तेवढी जागेवर, बाकी सगळी बाई चालू. बोटं पलंगाच्या कडेवर हिशेब केल्यासारखी टकटकायची. पाय पांघरुणातून बाहेर, पुन्हा आत. एसी वाढव, कमी कर. फोन दे, घे. "गव्हाचं जहाज लागलं का?" "त्या ड्रायव्हरला म्हणावं, रस्ता तुझ्या सासऱ्याचा आहे का?" तिची बेचैनी मला लागली. मी पाणी द्यायला आले तर उभ्या उभ्याच निघायचे. सर्जन पुन्हा आला, पुन्हा तेच आकडे शांतपणे सांगून गेला, आणि तो जितका शांत तितकी तिची खात्री पक्की, की पठ्ठ्या भावावर अडून बसलाय, उद्या उतरेल.

मग मी माझा नेहमीचा उपाय काढला. म्हटलं, "हाजिया, खरं सांगू का? डॉक्टरांनी तुम्हाला कमीच सांगितलंय. तीन महिने विमान नाही."

उशीतून हसू आलं. "मालक सहा आठवडे सांगतो आणि नोकर तीन महिने? सिस्टर, एका दुकानात दोन भाव ऐकले की गिऱ्हाईक तिसऱ्या दुकानात जातं."

माझा उपाय पहिल्यांदाच फुकट गेला. घरी सांगितलं, "बाई आंधळी होणार आहे रे." नवरा सवयीने म्हणाला, "म्हणजे काणी." मी भाकरी तव्यावर टाकली ती तशीच करपली. कारण हा माणूस चेष्टेत बोलला ते अगदी तंतोतंत बरोबर होतं.

विमान उद्यावर आलं. सेक्रेटरी बॅगा भरत होती. मी हाजियाच्या पलंगाखाली सरकून चक्क जमिनीवर उताणी पडले, म्हणजे उशीच्या भोकातून तिचा चेहरा बरोबर माझ्यावर आला. म्हटलं, "एक गोष्ट सांगते, मग जा. इथल्याच बुरैदा शहराचा खजुराचा मोठा व्यापारी होता. तुमच्यासारखाच, बुडाखाली निखारे. त्यालाही असाच फुगा भरला होता. सौदा हातचा जाईल म्हणून विमानात बसला. विमान ढगांच्या वर गेलं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले."

"दोन्ही?"

"दोन्ही. काळोख."

"ऑपरेशन किती डोळ्यांचं झालं होतं?"

"एकाच."

"मग दुसरा कसा जाईल?" ती गरजली. "सिस्टर, तू थापा मारतेस! मी शेंगा विकायची तेव्हापासून असल्या थापा ऐकतेय. निम्मं कर!"

"करा निम्मं," मी म्हटलं. "दोनचं निम्मं एक."

पलंगाच्या कडेवरची बोटं थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भोकातून तिचा डावा डोळा माझ्याकडे बघत राहिला, उजव्यावर पट्टी.

"कुठला गेला?" तिने हळू विचारलं.

"फुगा होता तो."

 ती सेक्रेटरीला ओरडून म्हणाली, "बॅगा सोड. विमानवाल्याला फोन लाव. आणि या पोरीला जमिनीवरून उठवा, फरशी गार आहे."

बैठक झाली, ती फोनवरून. फोन ठेवायचा कुठे? तोंड खाली, म्हणून पलंगाखाली जमिनीवर, कॅमेरा वर. त्यामुळे कानोतल्या भिंतीएवढ्या पडद्यावर भागीदारांना काय दिसलं असेल? छतातून खाली वाकलेली हाजिया! पट्टी बांधलेली, गाल लोंबलेले, एक डोळा वटारलेला, जणू वरूनच सगळ्यांची कर्मं मोजतेय. मी कोपऱ्यात तोंडात ओढणी कोंबून उभी. दीर बोलायला उठला. हाजिया नुसती म्हणाली, "बस." तो बसला, सेक्रेटरी शपथेवर सांगते की खुर्ची नव्हती तिथेच बसला. गिरणी हाजियाकडे राहिली.

पुढे मान वर करायची परवानगी मिळाली, आणि मग ती जेद्दातच हॉटेलात राहून तपासायला यायची. पट्टी काढल्यावर फुगा तिला दिसायला लागला होता. बाजारात वजन सांगावं तशी ती रोज त्याचा आकार सांगायची. आधी कलिंगड. मग लिंबू. मग एके दिवशी म्हणाली, "शेंगदाणा राहिलाय," आणि रिकामा तळहात शेंगा पाखडल्यासारखा हलवला. टोपली आठवली असावी. दोन दिवसांनी शेंगदाणाही विरला.

तक्त्यावरची अक्षरं वाचायला बसवलं. तिने वरच्या ओळी खाडखाड वाचल्या, शेवटच्या ओळीत दोन अक्षरं ठोकून दिली. सर्जन म्हणाला, "फार छान." तो मान डोलवत बाहेर गेला आणि तिने माझं मनगट पकडलं.

"सिस्टर, तो बुरैदाचा माणूस खरंच होता का?"

"हाजिया," मी म्हटलं, "निम्मा होता."

ती अशी हसली की शेजारच्या खोलीतल्या पेशंटने घंटी दाबली. जाताना म्हणाली, "कानोत शंभर खाटांचं डोळ्यांचं हॉस्पिटल काढते. नर्सिंग सगळं तुझ्या हातात. येतेस?"

घरी आल्या आल्या सांगितलं. "पन्नास," नवरा म्हणाला. लेक म्हणाली, "आई, सीरियसली?" पण हा आकडा माझा नव्हताच, हाजियाचा होता, आणि पहिला भाव कधी मान्य करायचा नसतो हे मला तिनेच शिकवलं. मी मेसेज टाकला: दोनशे खाटा असतील तर विचार करते.

त्याला आठवडा होऊन गेला. उत्तर नाही. इकामा पुन्हा संपत आलाय, माळ्यावरची मोठी बॅग उगाचच खाली काढून ठेवलीय, आणि दिवसातून शंभर वेळा मी फोन बघते. नवरा म्हणतो, "हे मात्र निम्मं करायची गरज नाही."